नाचाचा क्लास काढताय? आधी फरशी बघा

मी डोंबिवलीत कथकचा क्लास चालवते, त्याला अकरा वर्षं झाली. सुरुवात घरच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावून सहा मुलींवर झाली. आज शंभराच्या आसपास विद्यार्थिनी आहेत, चार मुलगे आहेत आणि शनिवारी दुपारी आयांची एक बॅच असते. विशारद झालेली एखादी मुलगी दर वर्षी विचारतेच, "ताई, मला पण क्लास काढायचाय, काय काय लागतं?" प्रत्येकीला तेच तासभर सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाचं लिहून काढावं. उदाहरणं कथकची आहेत, पण भरतनाट्यम, लावणी किंवा फिल्मी नाच शिकवणार असाल तरी बरंचसं लागू पडेल.

१. क्लास कोणासाठी, हे आधी ठरवा

क्लासला दोन प्रकारच्या मुली येतात. एक छंदवाली: आठवड्यातून दोनदा येते, घाम गाळते, हसत घरी जाते. दुसरी परीक्षावाली किंवा स्पर्धावाली: तिला चक्कर अर्धा इंच सरकली तरी झोप लागत नाही. दोघींची फी सारखीच येते, म्हणून आपण दोघींना एकाच तासाला उभं करतो. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

तिसऱ्या वर्षी माझ्याकडे सोळा मुलींची एकच बॅच होती. पाच जणी परीक्षेला बसणार होत्या, म्हणून मी तास त्यांच्या वेगाने नेत होते. बाकीच्या अकरा जणी मागच्या दोन रांगांत तत्कार, म्हणजे नुसतं पायांचं काम, करत बसायच्या. एक दिवस एक आई दारात थांबली. म्हणाली, "ताई, आमची कधी पुढे उभी राहते का हो? नाही, मोठी नर्तिका व्हायची नाहीये तिला, पण तिला आरशात स्वतःचे पाय कधी दिसलेच नाहीत." त्या दिवाळीनंतर अकरातल्या सात जणी परतल्या नाहीत. आणि परीक्षावाल्या पाच जणींचंही भलं झालं नाही, कारण अर्धा तास त्या इतरांची वाट बघण्यात घालवत होत्या.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या बॅचेस, दोन वेगळी वेळापत्रकं. विद्यार्थिनी आठच असल्या तरी. एकीतून दुसरीत जायची वाट मात्र उघडी ठेवा, आणि ती दोन्ही बाजूंनी. बारावीच्या वर्षी परीक्षावाली मुलगी छंदाच्या बॅचला आली तर ती तिची पीछेहाट वाटता कामा नये.

२. जागा

फरशी. बाकी सगळं नंतर. मार्बल, कडाप्पा किंवा व्हिट्रिफाइड टाइल थेट काँक्रीटवर बसवलेली असेल तर त्यावर रोज तत्कार करणं म्हणजे टाचा आणि नडग्या गहाण ठेवणं. मुली आठवड्यातून दोनदा येतात, त्यांना उशिरा कळतं. तुम्ही रोज पाच तास उभ्या असता, तुमची टाच आधी बोलते. जागा बघायला जाल तेव्हा चपला काढा, मध्यावर उभ्या राहा आणि तीनतालात पाच मिनिटं चौगुण, म्हणजे चौपट लयीत तत्कार, काढा. दलाल बघत राहील, राहू दे. गुडघ्यापर्यंत झिणझिण्या आल्या तर त्या फरशीवर काहीतरी घालावं लागणार, हे भाडं ठरवतानाच धरा.

मी केलेली सोय अशी: खाली रबराचे तुकडे, त्यावर बारा मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत असे आडवे-उभे. प्लाय वॉटरप्रूफच घ्या. आपल्याकडे जुलैत साधा प्लाय पुरीसारखा फुगतो. सुताराला सांगून थर एकमेकांना स्क्रूने जोडा, फरशीला चिकटवू नका. जागा सोडावी लागली तर सगळं उचलून नेता येतं. मी दोनदा नेलंय.

दुसरी गोष्ट आवाज. पंधरा मुलींच्या पायांत पन्नास-पन्नास घुंगरू म्हणजे दीड हजार घुंगरू झाले. पहिल्या मजल्यावर क्लास असेल तर खाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर रोज संध्याकाळी तत्कार. माझ्या खालचे आजोबा भले होते, भांडले नाहीत. एका संध्याकाळी फक्त वर आले आणि म्हणाले, "बाई, तुमचा सम मला आता झोपेत पण कळतो." पुढच्या महिन्यात मी तळमजला शोधला. खाली दुकान किंवा गोडाऊन असलेली जागाही चालते. निवासी सोसायटीत असाल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लेखी घ्या. चेअरमनच्या तोंडी होकाराला पुढच्या निवडणुकीपर्यंतच किंमत असते.

जागेचा हिशोब: कथकला एका मुलीला हात पसरून चक्कर घेता यावी एवढी, म्हणजे साधारण पंचवीस ते तीस चौरस फूट जागा लागते. चारशे चौरस फुटांच्या हॉलमध्ये चप्पल-स्टँड, बाक आणि तुमची जागा वगळली की बारा-तेरा मुली. त्यात वीस घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. पसरलेला हात (हस्तक) शेजारणीच्या डोळ्यात जातो.

आरसा एकाच भिंतीला पुरे, आणि त्याला मागून सुरक्षा फिल्म लावून घ्या. आरशावर पडदाही हवा. महिन्यातून एक आठवडा मी तो ओढून ठेवते, नाहीतर मुली स्टेजवर गेल्यावर स्वतःला शोधत राहतात.

३. कागदपत्रं

हे घरून सुरुवात करणाऱ्यांनी पण वाचा.

जवळ ठेवायचं: आधार, पॅन, फोटो, जागेचा करार, वीजबिल, बँकेत वेगळं खातं, आणि दारावरच्या मराठी पाटीचा फोटो. पाटी गंमत म्हणून सांगत नाहीये. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची आहे आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत.

करार: महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी. 'स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ, पुरेसं आहे' म्हणणाऱ्या मालकाला नमस्कार करून पुढे जा. करारात वापर 'नृत्यवर्ग' असा स्पष्ट लिहा, आणि लॉक-इन काळ (ज्यात करार मोडता येत नाही तो) मालकालाही लागू असल्याची खात्री करा. माझ्या एका जागेच्या करारात तो फक्त मला लागू होता. गॅदरिंगच्या सहा आठवडे आधी जागा सोडावी लागली आणि आम्ही तालीम एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये केली.

शॉप अॅक्ट (दुकानं-आस्थापनांचा कायदा): वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७च्या कायद्यानुसार नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, ती पावती बँकेत चालते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची) सरकारी पोर्टलवर फुकट होते. गूगलवर शोधलं की सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट्स वर येतात आणि हजार-दोन हजार मागतात. त्यांना पैसे देऊ नका. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. तो विसरला जातो आणि मग दंडासकट आठवतो.

जीएसटी: सेवेच्या व्यवसायात उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणीचा प्रश्न येतो. एकट्या व्यक्तीने छंद म्हणून कला शिकवणं करमुक्त यादीत आहे, पण मैत्रिणीबरोबर भागीदारी केली किंवा कंपनी काढली की हिशोब बदलतो. म्हणून भागीदारीच्या आधी सीएकडे जा, नंतर नको.

४. फी

समजा भाडं, वीज, मदतनीस आणि किरकोळ धरून महिन्याला ३०,००० खर्च आहे. वर्षाचे ३,६०,००० झाले. चाळीस विद्यार्थिनी, प्रत्येकी १,००० रुपये. कागदावर वर्षाचे ४,८०,००० येतात आणि आपण खुश होतो. प्रत्यक्षात मे महिन्यात अर्धा वर्ग गावाला असतो, दिवाळीत पंधरा दिवस कोणी नसतं, सहामाही आणि वार्षिक परीक्षेत 'या महिन्यात येणार नाही, फी पुढच्या महिन्यात' असा मेसेज येतो. हाती दहा महिन्यांचीच फी लागते: ४,००,०००. म्हणजे तुमचा पगार वर्षाला चाळीस हजार. भाडं मात्र बाराही महिने जातं.

यावर उपाय एकच. फी वर्षाची ठरवा आणि चार हप्त्यांत घ्या. सुट्ट्या आधीच धरून वर्षाला किती तास होतील तो आकडा प्रवेशाच्या कागदावर छापा. तास तुमच्यामुळे बुडला तर भरून द्या, मुलीमुळे बुडला तर नाही. हे लिहिलेलं असलं की भांडण होत नाही, नुसती कुरकुर होते.

परीक्षा आणि स्पर्धांचा खर्च वेगळ्या खात्यात टाका. फॉर्मची फी, जादा तास, कपडे, टेम्पो, तबल्याची साथ. छंदवाल्यांच्या फीमधून स्पर्धेचा टेम्पो जाऊ लागला की समजा, तुम्ही परत माझ्या तिसऱ्या वर्षात आलात.

आणि मदतनिसांना पैसे द्या. मोठ्या मुलींकडून लहानांची बॅच 'गुरुसेवा' म्हणून फुकट घ्यायची रीत आपल्या क्षेत्रात जुनी आहे. मला ती पटत नाही. तासाचे ठरवून द्या, कमी का असेनात. बाहेरून शिक्षिका हवी असेल तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून किंवा मुंबईच्या नालंदा नृत्यकला महाविद्यालयातून शिकून आलेल्या मुली मिळतात. त्यांचा नाच बघू नका, त्यांना सात वर्षांच्या दहा मुलींसमोर अर्धा तास उभं करून बघा.

५. साहित्य

यादी छोटी आहे: चांगला स्पीकर, लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) आणि तबल्याचं अॅप असलेला जुना फोन, प्रथमोपचार पेटी, हजेरीची वही, पायपुसणी. वही कागदाचीच ठेवा. फोन हातात घेतला की तासातली पाच मिनिटं जातात.

घुंगरांबद्दल मात्र थोडं सविस्तर. कथकचे घुंगरू सुती दोरीत ओवलेले असतात, भरतनाट्यमसारखे पट्टीवर शिवलेले नसतात. पालक ऑनलाइन पट्टीवाले मागवून आणतात, मग परत करायची धावपळ. लहान मुलींना एका पायाला पंचवीस, दोनेक वर्षांनी पन्नास, पुढे शंभर. एकदम शंभर बांधले की मुलगी पाय आपटते, ठेका विसरते. दुकानात घेताना एकेक घुंगरू कानाजवळ हलवून बघा. आतला खडा अडकला असेल तर 'ठप्प' आवाज येतो, तो बाजूला काढा. पाकळीची कड बोटाने तपासा, धारदार असेल तर सलवार फाडते. ओवताना प्रत्येक घुंगरानंतर गाठ मारायची. ओळीने ओवून शेवटी एकच गाठ मारली तर स्टेजवर दोरी तुटल्यावर शंभरच्या शंभर विंगेत पळतात. गाठी असल्या तर दोन पडतात. दर जूनला मी मोठ्या मुलींना गोल बसवून नव्या मुलींचे घुंगरू ओवायला लावते. सव्वा तास लागतो, आणि त्या सव्वा तासात नव्या मुली ओळखीच्या होतात.

६. परीक्षेची वाट

आपल्याकडे बहुतेक क्लास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यापुढे अलंकार. वर्षातून दोन सत्रं असतात. नव्या क्लासने स्वतःचं केंद्र काढायची घाई करू नये. जवळच्या केंद्रातून फॉर्म भरा, केंद्रचालकांशी नीट राहा आणि फॉर्मची मुदत भिंतीवर लावा.

सापळे दोन. पहिला, मुलगी तोडा सुंदर करते पण त्याचे बोल हातावर ताल धरून म्हणता येत नाहीत. ही पढंत पहिल्या महिन्यापासून रोज, मग परीक्षेच्या आधी रडारड होत नाही. दुसरा, वरच्या परीक्षांना लेखी पेपर असतो आणि मुली तो आदल्या आठवड्यात उघडतात. लखनौ, जयपूर आणि बनारस घराण्यांतला फरक वाचून कळत नाही. एकच आमद (नाचाच्या सुरुवातीची प्रवेशाची रचना) दोन अंगांनी करून दाखवा, मग लिहायला सांगा.

दहावीच्या वाढीव गुणांचं पालक हमखास विचारतात. शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण असतील तर ते मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. तुमचं काम प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या दाखल्याशी जुळतंय का ते फॉर्म भरतानाच बघण्याचं. 'श्रेया' आणि 'श्रीया' एवढ्या फरकासाठी मी एका पालकांबरोबर तीन चकरा मारल्यात. आणि गुणांसाठीच आलेल्या मुलीला स्पष्ट सांगा की पहिल्या तीन परीक्षांना तीन वर्षं तरी लागतील. आठवीत येऊन नववीत सगळं उरकणार नाही.

७. स्पर्धा: कोणत्या, आणि कोणत्या नकोत

धरून चालायच्या: शाळेतल्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी कला उत्सव, कॉलेजच्या मुलींसाठी विद्यापीठाचा युवक महोत्सव आणि त्यापुढे राज्यातल्या विद्यापीठांमधला इंद्रधनुष्य महोत्सव. दहा ते चौदा वयाच्या मुलींसाठी सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती, ती स्पर्धा नव्हे पण तयारी तीच. गणपतीतल्या सोसायटीच्या स्पर्धा नवख्यांना स्टेजची भीती घालवायला उत्तम.

आता दुसऱ्या. नावात 'राष्ट्रीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय', फॉर्मची फी भरमसाट, परीक्षकांची नावं शेवटपर्यंत गुलदस्त्यात. एकदा मी नऊ मुली घेऊन अशा एका ठिकाणी गेले. रात्री अकराला निकाल लागला. आमचा पहिला नंबर. मुली नाचल्या, मी रडले. खाली उतरलो तर टेम्पोपाशी दुसरा एक गट चषक घेऊन उभा, त्यांचाही पहिला. चहाच्या टपरीवर तिसरा. आमच्यातली सर्वांत छोटी म्हणाली, "ताई, मग हरलं कोण?"

तेव्हापासून पैसे भरायच्या आधी चार गोष्टी विचारते: परीक्षक कोण, एका गटात किती प्रवेशिका, गुणपत्रिका दाखवणार का, चषकाचे वेगळे पैसे आहेत का. फोनवर उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला.

संघ निवडताना नियम आधी सांगा: किती तालमी, किती गैरहजेरी चालेल, कोणाची जागा कोण घेईल. पालकांची सही घ्या. ट्रॅक पेनड्राइव्हवर, शिवाय दोन फोनवर, आणि ते फोन फ्लाइट मोडवर. आमच्या तराण्यात कोणाच्या तरी मामाचा फोन आला होता.

८. मुलींची सुरक्षितता

हे थोडक्यात, पण यात सूट नाही. कामाला येणाऱ्या प्रत्येकाची, तबलजी आणि सफाईवाल्यांसकट, पोलीस पडताळणी करून घ्या. कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा नाही, फोन नाही. दारात मात्र कॅमेरा हवा. मुलीला न्यायला कोण येणार त्यांची नावं प्रवेशाच्या कागदावर, त्याबाहेरचा काका आला तर आधी आईला फोन. व्हिडिओ टाकायचा तर पालकांची लेखी परवानगी, दर वर्षी नवी. आणि एखादी मुलगी काही सांगू लागली तर ऐका. पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'घरातलं प्रकरण' म्हणून मिटवता येत नाही.

९. गॅदरिंग

महापालिकेच्या नाट्यगृहाची तारीख आधी मिळवा, मग नाच बसवा. शनिवार-रविवार नाटकवाल्यांच्या हातात असतो. मंगळवारची सकाळ मिळाली तर घ्या, आजी-आजोबा खुशीने येतात. नाट्यगृहाच्या अर्जात कोणत्या परवानग्या मागितल्यात ते नीट वाचा. ध्वनिमुद्रित फिल्मी गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएस आणि पीपीएल (गाण्यांचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क सांभाळणाऱ्या संस्था) यांच्या परवान्यांची चौकशी महिनाभर आधी करा.

वेळेचं गणित: चौदा नाच, प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे चौऱ्याऐंशी. कपडेबदल आणि निवेदन धरून दोन तास. पाहुण्यांच्या भाषणाला दहा मिनिटं म्हणून पंचवीस धरा.

माझा नियम असा की प्रत्येक मुलगी किमान दोन नाचांत असते आणि त्यातल्या एकात पहिल्या रांगेत. स्पर्धेचा संघ शेवटच्या आधीचा नाच करतो, शेवटचा सगळ्यांचा. कार्यक्रमाची गुणवत्ता थोडी उतरते, हे मला मान्य आहे.

कपडे भाड्याने आणणार असाल तर मापं कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी घ्या, त्याआधी नको. बारा-तेरा वर्षांच्या मुली भराभर वाढतात. प्रत्येक पिशवीवर नाव, आत किती नग ते लिहिलेला कागद, आणि अनामत परत देण्याआधी तोच कागद समोर ठेवून मोजणी. ओढण्या हरवतात. कंबरपट्टे त्याहून जास्त.

१०. नववीचा खड्डा

आठवी संपली की शिकवण्या सुरू होतात आणि क्लास रिकामा होतो. सहा-सात वर्षं घडवलेल्या मुली एका जूनमध्ये जातात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी पालकांशी वाद घातला. आता नाही घालत. नववी-दहावीच्या मुलींसाठी रविवारी सकाळी सात ते साडेआठ एक बॅच ठेवली आहे. फी निम्मी. परीक्षा नाही, स्पर्धा नाही, घरी करायचा रियाज नाही. आल्या तर आल्या, चाचणीच्या आठवड्यात नाही आल्या तरी विचारत नाही. विलंबित तीनताल लावते, त्या अर्धवट झोपेत ठाठ धरतात, आणि आठ वाजता कोणीतरी डबा उघडतं.